दहावं मानपत्र

तातेराव इंगोल्यांनी आयुष्यात नऊ मानपत्रं लिहिली आणि नऊच्या नऊ एकाच माणसाला दिली. एवढं कौतुक त्यांनी घरात सरुबाईंचं केलं असतं तर त्या दहा वर्षांनी तरुण दिसल्या असत्या, असं बस्तीतल्या बायका म्हणायच्या. सरुबाईंनाही ते पटायचं.

मानपत्रं जायची ती आमदारसाहेबांना. सगळी बस्ती त्यांना अन्ना म्हणते, तेव्हा आपणही अन्नाच म्हणू. दर वर्षी जयंतीच्या दिवशी सकाळी अकराला मिलिंदनगरच्या विहारासमोर मांडव पडायचा. अन्ना यायचे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायचे, आणि मग त्यांना शाल आणि सोनेरी चौकटीतलं मानपत्र मिळायचं. मानपत्र मराठीत. अन्नांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. बस्तीतल्या पोरांना बोलता यायचं, पण वाचताना ती दर शब्दाला अडायची. तरीही ते मराठीतच हवं, हा जुन्या लोकांचा हट्ट. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून ही माणसं हैदराबादला येऊन चाळीस-चाळीस वर्षं झाली. बाजारात तेलुगू, शेजाऱ्याशी दख्खनी, घरात तिन्हींची मिसळ असं त्यांचं चालायचं. पण मान द्यायचा तर तो आपल्या भाषेत, यावर मात्र सगळे ठाम. आणि तशी भाषा लिहिणारे आता एकटे तातेराव उरले होते. सुलतान बाजारातून जाड कागद आणायचा, कापलेल्या निबाने दोन दिवस बसून एकेक ओळ उमटवायची, हे काम त्यांच्याकडे कधी आणि कसं आलं ते कुणालाच आठवत नव्हतं. आलं ते चिकटलं.

नोकरीत असताना तातेराव सिटी बसच्या डेपोत टाइमकीपर होते. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परतली, कोणती फेरी रद्द झाली, हे एकतीस वर्षं त्यांनी लिहिलं. न झालेली फेरी झाली म्हणून लिहा, अशी गळ अनेकांनी घातली. कुणी चहा पाजला, कुणी सासऱ्याचं आजारपण सांगितलं, एकाने तर कॉलर धरली. तातेरावांचं उत्तर ठरलेलं असायचं, "गाडी गेली न्हाई तर गेली न्हाई असंच लिवनार. स्टॉपावर उन्हात उभं ऱ्हायलेल्या मानसाला जाऊन इचार, गेली का न्हाई ते." या स्वभावापायी त्यांना डेपोत फारसे मित्र नव्हते, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही.

असल्या माणसाने नऊ वर्षं मानपत्रात एक वाक्य न चुकता लिहिलं. 'आपण विधानसभेत आमच्या जातप्रमाणपत्राचा प्रश्न निर्भीडपणे मांडलात, त्याबद्दल हा समाज आपला कृतज्ञ आहे.' कशावरून लिहिलं? तर अन्ना भाषणात तसं म्हणाले, यावरून. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता गाडी सुटली म्हणून लिहायची, असा हा प्रकार होता, आणि तो आपण करतोय हे तातेरावांच्या नऊ वर्षं ध्यानात आलं नाही.

आता हा प्रमाणपत्राचा प्रश्न. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची अनुसूचित जात महाराष्ट्रातच राहते, असं कायद्याचं म्हणणं. लेकरू हैदराबादेत जन्मलं, इथल्या शाळेत तेलुगू शिकलं, इथल्याच दवाखान्यात म्हातारं होईल, तरी त्याचा राखीव जागेचा हक्क बापाच्या गावी. बापाच्या गावी त्याला कुणी ओळखत नाही. जातीची झळ तेवढी दोन्हीकडे सारखी लागते. तिला कुणी कागद मागत नाही.

तातेरावांच्या घरात हा प्रश्न रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर पडायचा. दीक्षा, त्यांची एकुलती एक मुलगी, वय चौतीस. मलकपेठच्या एका सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये कंत्राटावर. दर वर्षी मार्च संपला की कंत्राट वाढेल की नाही म्हणून घरात सगळ्यांचं जेवण कमी व्हायचं. दिलसुखनगरच्या क्लासला रविवार घालवून घालवून तिने कायम जागेची परीक्षा दिली. दोनदा निवड यादीत नाव लागलं आणि दोनदा कागदपत्रांच्या तपासणीत ती बाहेर पडली. यंदा तिसऱ्यांदा नाव लागलं होतं. तपासणी मे महिन्यात होती आणि अन्नांनी शब्द दिला होता, "जयंती होने दो, कलेक्टर के नाम चिठ्ठी दे देतूँ." त्या चिठ्ठीवर घराने आशा लावली होती. दीक्षाने लावली नव्हती, पण तिने आईला तसं सांगितलं नाही.

हे सगळं सुखाने पार पडलं असतं. पण विहार समितीचे अध्यक्ष नामदेवराव जानेवारीत म्हणाले, "तातेराव, औंदा दहावं मानपत्र है. जरा भारी होऊ द्या." भारी म्हणजे काय करायचं यावर तातेरावांनी चार दिवस डोकं चालवलं आणि त्यांना वाटलं, या वेळी तारीख घालावी. कोणत्या अधिवेशनात, कोणत्या दिवशी अन्नांनी प्रश्न मांडला, ते लिहावं. टाइमकीपरला याहून भारी काय सुचणार?

ते अन्नांच्या ऑफिसात गेले. तिथल्या सहायकाला त्यांनी तारीख विचारली. त्याने आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि शेवटी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर तातेरावांची नऊ मानपत्रं ओळीने टांगलेली होती. "तारीख? चाचा, तुम्हारे-इच कागज में होंगी ना!" मग त्याने एक गुळगुळीत पुस्तिका काढून दिली. अन्नांच्या कामाचा अहवाल. त्यात पान बारावर लिहिलं होतं की मराठी दलित समाजाचा प्रश्न अन्नांनी सभागृहात लावून धरला, आणि पुरावा म्हणून खाली मानपत्राचा फोटो छापला होता. तातेरावांना स्वतःचं अक्षर ओळखू आलं. 'निर्भीडपणे' मधला 'र्भी' जरा फुगला होता, तोसुद्धा.

म्हणजे आपण लिहिलं ते अन्ना म्हणाले म्हणून, आणि अन्ना म्हणतात ते आपण लिहिलं म्हणून. तातेराव ऑफिसातून निघाले ते दोन स्टॉप पायी चालले. बसमध्ये बसावं असं त्यांना वाटेना.

त्यांनी दीक्षाकडून तेलुगूत माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घेतला. अन्नांनी सभागृहात विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची यादी द्यावी, आणि आमच्या प्रमाणपत्राच्या विषयावर जी काही चर्चा, मतदान झालं असेल त्याच्या प्रती द्याव्यात. सरुबाई म्हणाल्या, "कशाला खाजवून खरूज काडायलाव?" तातेराव म्हणाले, तारीख पाहिजे. त्यांना खरोखरच तेवढीच पाहिजे होती.

पाकीट मार्चअखेरीस आलं. रविवारी सकाळी बाप-लेक फरशीवर कागद पसरून बसले. तातेरावांना तेलुगू वाचता यायची ती बसच्या पाट्यांपुरती, म्हणून दीक्षा वाचून सांगायची आणि ते वहीत उतरवून घ्यायचे. नाल्याचा प्रश्न. पथदिव्यांचा प्रश्न. तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रश्न, तो चार वेळा. क्रीडांगण, भुयारी मार्ग, बारच्या परवान्याची वेळ. दुपारी एकपर्यंत त्रेसष्ट प्रश्न झाले.

"आपला?" तातेरावांनी विचारलं.

"लेदु," दीक्षा म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "नाही पप्पा. एक पण नाही."

"नीट बग."

"दोनदा बघितलं."

मग ती एका पानाशी थांबली. सभागृहात बहुतेक गोष्टी आवाजी मतदानानेच ठरतात. 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात, अध्यक्ष कोणाचा आवाज मोठा ते सांगतात, आणि कोण काय ओरडलं याची नोंद राहत नाही. एखाद्या सदस्याने हट्टच धरला तर मोजणी होते आणि नावं लिहिली जातात. चार वर्षांपूर्वी असा हट्ट एकाने धरला होता. त्याने ठराव आणला होता की दुसऱ्या राज्यातून येऊन तीस वर्षं झालेल्या अनुसूचित जातींच्या कुटुंबांना इथेच प्रमाणपत्र मिळावं, अशी केंद्राकडे शिफारस करावी. ठराव सात मतांनी पडला. दोन याद्या होत्या. बाजूने आणि विरुद्ध.

दीक्षाने पान बापापुढे धरलं आणि विरुद्धच्या यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. ते नाव तातेरावांना वाचता आलं. निवडणुकीच्या फलकांवर ते बसच्या पाट्यांपेक्षा मोठ्या अक्षरात असायचं.

तारीख पाहिली तर जयंतीच्या तीन आठवडे आधीची. त्या वर्षी विहारासमोर अन्ना म्हणाले होते की तुमच्यासाठी भांडून भांडून माझा घसा बसला. घसा खरंच बसलेला होता. सरुबाईंनी त्यांना मांडवामागे हळदीचं दूध करून दिलं होतं.

तातेरावांना राग यायला हवा होता. आला तो थकवा. अन्नांनी विरुद्ध मत दिलं याचं त्यांना तितकं वाटलं नाही. इथल्याच दलितांच्या वाट्याला आधीच थोडं, त्यात हे बाहेरचे कशाला, असं म्हणणारे मतदारसंघात मिलिंदनगरच्या पाचपट होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. अन्नांनी तसं तोंडावर सांगितलं असतं तर तातेरावांनी त्यांना चहा पाजून पाठवलं असतं. पण दूध पिऊन गेले!

घरात दोन दिवस धुसफूस झाली. सरुबाईंनी स्पष्ट सांगितलं, "नऊ बार लिवलं तवा हात झडला न्हाई. धाव्या बारीला काय व्हतंय? पोरीची चिठ्ठी हातात येऊ द्या, मग बसा हिशोब मांडत."

"खोटं है ते सरू."

"मग नऊ खोट्यात अजून एक. तुमचं खरं घेऊन ती म्हातारी होईल लॅबमदी." एवढं बोलून सरुबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे त्यांनी भांडी गरजेपेक्षा जोरात घासली. त्यांचं बरोबर होतं. सरुबाईंचं बरोबर असलं की तातेरावांना फार एकटं वाटायचं.

नामदेवराव संध्याकाळी येऊन समजावून गेले. विहाराच्या हॉलचा स्लॅब अन्नांच्या निधीतून पडायचा होता. "तुमी म्हन्ता ते मला कळतंय तातेराव, पन मानपत्र हे कुठं कोर्टाचं कागद हाय? मान द्यायचा अस्तो, पुरावा द्यायचा नस्तो." जाताना ते दारात थांबून म्हणाले, "अक्षर मात्र नेहमीसारखं काडा."

तोडगा दीक्षाने सुचवला, तोही केस विंचरता विंचरता. "पप्पा, तुम्ही खरं-इच लिहा ना. मराठीत आहे. अन्नाला कुठं कळतं? आमच्या पोरांना तर ते भारी मराठी सगळं एकसारखंच वाटतं. मान पण झाला, तुमचं समाधान पण झालं."

ती हसत म्हणाली, पण तातेरावांनी ते धरलं. सुटल्यासारखं वाटलं त्यांना. ते सुलतान बाजारात गेले, कागद आणला आणि दोन दिवस बसून लिहिलं. पहिल्या चार ओळी नेहमीच्याच, लोककल्याणाची तळमळ वगैरे. पाचव्या ओळीपासून त्रेसष्ट प्रश्नांचा आकडा, मतविभाजनाची तारीख आणि अन्नांचं नाव कोणत्या यादीत आहे ते. भाषा अशी घोटीव, की नामदेवरावांनी वरवर पाहून "वा!" म्हणावं. नामदेवरावांनी वरवर पाहिलं आणि "वा!" म्हटलं.

जयंतीच्या दिवशी मांडव भरला. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, पोरांच्या हातात मोबाइल. अन्ना पावणेबाराला आले. हार झाला, वंदना झाली, शाल झाली, आणि नामदेवरावांनी तातेरावांना बोलावलं.

तातेराव माइकपुढे उभे राहिले आणि वाचू लागले. "सन्माननीय महोदय, आपल्या ठायी असलेली लोककल्याणाची तळमळ सर्वविदित आहे." टाळ्या. "गेल्या अकरा वर्षांत आपण सभागृहात त्रेसष्ट प्रश्न उपस्थित केलेत." टाळ्या. "त्यांत आमच्या प्रमाणपत्राचा प्रश्न एकदाही उपस्थित झाला नाही." टाळ्या. वाचणारा थांबला की टाळी द्यायची, हे लोकांच्या हाताला इतकं बसलं होतं. "आमच्या हिताचा ठराव मतास आला असता आपले नाव विरोधकांच्या यादीत नोंदले गेले, ही बाब आम्ही या मानपत्राद्वारे आदरपूर्वक नमूद करीत आहोत." सगळ्यांत मोठी टाळी. अन्ना छातीशी हात जोडून मान लववत होते. व्यासपीठावर फक्त नामदेवरावांचा चेहरा उतरला. त्यांना मराठी येत होती.

तातेरावांना वाटलं होतं, वाचून झाल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. भर मांडवात आपण एखादी गोष्ट तोंडातल्या तोंडात बोलून मोकळे झालो, असं त्यांना वाटलं आणि लाज वाटली.

त्यात एक गोष्ट ते विसरले होते. मानपत्राचा मथितार्थ अन्नांना तेलुगूतून चार वाक्यांत सांगायचा, ही दर वर्षीची रीत होती, आणि तो सांगायची दीक्षा. ती पायऱ्या चढून वर आली. माइक घेण्यासाठी तिने हात पुढे केला. तिच्याकडे पाहिल्यावर तातेरावांना कळलं की आपण काय करून ठेवलंय. आता ही पोरगी एक तर या माणसाला तोंडभरून खोटं सांगणार, नाही तर खरं सांगून आपल्याच हाताने आपली चिठ्ठी फाडणार. आपण मात्र खरं बोलल्याचं समाधान घेऊन खाली जाऊन बसणार. वा रे बाप!

"द्या पप्पा," ती हळूच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," तातेराव म्हणाले. "मी सांगतो."

तेलुगू त्यांना जमली नसती. त्यांनी आपली डेपोतली दख्खनी काढली.

"अन्ना, मैं क्या पढ़ा सो तुमना समझा नहीं होंगा. मैं बोलतूँ. नौ साल से मैं लिख रऊँ, तुम असेंबली में हमारा सवाल उठाए बोलके. इस साल मैं कागजां मँगाया. तिरसठ सवाल पूछे तुम, हमारा एक भी नहीं. एक बार गिनती हुई, तो तुम्हारा नाम खिलाफ में है. तुम कैसा भी वोट देओ, वो तुम्हारा हक है. पन नौ साल जो झूठ लिखा, वो मेरा हात लिखा. वो आज से बंद."

ढोलवाल्याने ढोल मांडीवरून खाली ठेवला. सरुबाईंनी पदर तोंडाला लावला. दीक्षा बापाच्या शेजारी तशीच उभी राहिली, हात अजून थोडा पुढे.

अन्ना उठले. तातेरावांना वाटलं, शाल टाकून निघून जातील. अन्नांनी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक घेतला.

"तातेराव साब हमारे बड़े हैं. बड़े डाँटे तो बुरा मानते क्या?" ते हसले. "हौ, खिलाफ दिया मैं वोट. पार्टी बोली, दिया. वो तो हात का काम है. पन दिल? दिल तो पहले दिन से तुम लोगां के साथ-इच है!"

आणि टाळ्या पडल्या. या टाळ्या सवयीच्या नव्हत्या, मनापासूनच्या होत्या. कुणीतरी शिटी मारली. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. अन्नांनी मानपत्र दोन्ही हातांनी डोक्याला लावलं, तातेरावांना शेजारी ओढून फोटो काढला आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. तातेराव व्यासपीठाच्या मागच्या बाजूने उतरले.

त्यानंतरचे तीन दिवस घरात कुणी चिठ्ठीचं नाव काढलं नाही. सरुबाई नवऱ्याला जेवायला वाढायच्या, पण भाजी कशी झाली ते विचारायच्या नाहीत. तातेरावांनी मनाची तयारी केली होती. आपल्या एका वाक्यापायी पोरीचं जन्माचं नुकसान झालं, हे त्यांनी स्वतःशी मान्य केलं होतं, आणि ते ओझं उचलायला ते तयारही होते. निदान त्याला काही वजन होतं.

चौथ्या दिवशी चिठ्ठी आली. अन्नांच्या माणसाने ती घरपोच आणून दिली. जाड कागद, वर छापलेलं नाव, खाली हिरव्या शाईतली सही. दीक्षाने वाचून दाखवली. या कुटुंबाला प्रमाणपत्र देण्याचा सहानुभूतीने विचार व्हावा, कारण या समाजाचा प्रश्न मी सभागृहात सातत्याने मांडत आलो आहे.

"बगा!" सरुबाई म्हणाल्या. "मानूस मनानं चांगला हाय. तुमीच उगं." आणि त्या दिवशी त्यांनी तातेरावांना भाजी कशी झाली ते विचारलं.

मे महिन्यात, तपासणीच्या आठवडाभर आधी, तातेराव आणि दीक्षा चिठ्ठी घेऊन कचेरीत गेले. दीक्षाचा प्रमाणपत्राचा अर्ज कलेक्टरांकडून खाली मंडल ऑफिसात, म्हणजे इथल्या तहसील कचेरीत, आला होता. प्रमाणपत्रांचं टेबल पद्मावती नावाच्या बाईंकडे होतं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलायला मायाळू. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि दीक्षाला तेलुगूत म्हणाल्या, "बस अम्मा." मग त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढली आणि उघडून दाखवली. तशाच चिठ्ठ्या. तोच कागद, तीच हिरवी सही, तेच वाक्य, फक्त नावं वेगळी. दीक्षाने ती जाड बाजू बोटाने चाळली आणि मोजायचं सोडून दिलं.

"चिठ्ठीवर मला प्रमाणपत्र देता येत नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाच दिलेलं नाही. आमदारसाहेबांनाही ते माहीत आहे. मागतील त्यांना देतात, एवढंच."

"दुसरा काही मार्ग?" दीक्षाने विचारलं.

"चार वर्षांपूर्वी एक ठराव आला होता. तो पास झाला असता तर प्रमाणपत्र लगेच नसतं मिळालं, पण केंद्राचा निर्णय येईपर्यंत तुझा अर्ज मला प्रलंबित म्हणून ठेवता आला असता, आणि तुझी जागाही थांबली असती. तो पडला. आता मला नाकारावंच लागतं अम्मा." त्यांनी खरंच वाईट वाटून शिक्का मारला आणि चिठ्ठी फाइलमध्ये लावून टाकली.

दोघं बाहेर आले. ऊन मी म्हणत होतं. फाटकाशेजारी झेरॉक्सवाल्याच्या छपरात जरा सावली होती, तिथे ते उभे राहिले. तातेरावांना बोलायचं होतं. भर मांडवात बोललो त्याबद्दल गेला महिनाभर त्यांनी मनात एक माफी घडवून ठेवली होती. आता ती कुठे मागावी ते त्यांना कळेना. बोलले नसते तरी हेच झालं असतं. नऊ वर्षं बोलले असते तरी हेच झालं असतं. जो कागद मिळणार नाही या भीतीने सगळी बस्ती खोट्याला टाळ्या देत आली, तो कागद कुणीही मागावा आणि घेऊन जावा असा निघाला.

दीक्षाने ओढणीने कपाळ पुसलं. दवाखान्यात दुपारची पाळी दोनला सुरू व्हायची होती, आणि कंत्राटवाल्यांना उशीर चालत नव्हता.

"पप्पा," ती म्हणाली, "त्याने चिठ्ठी दिली नसती ना, तर बरं झालं असतं. तुमच्या बोलण्याने त्याचं काहीतरी बिघडलं, असं तरी वाटलं असतं."

मलकपेठची बस आली, दीक्षा चढली, आणि बस सुटली की घड्याळात बघायची सवय असूनही तातेरावांनी पाहिलंसुद्धा नाही.